वास्तू आणि वस्ती

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



साहित्य, इतिहास आणि संगीत या विषयांच्या पंगतीत आपण जुन्या घरांच्या विषयालाही पान मांडले, याबद्दल मी संयोजकांचा मनःपूर्वक आभारी आहे. हा विषय ग्रंथालयाला परका नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी वर्गणीचे पैसे जमवून येथे पहिले कपाट उभे केले, ते वाचक राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, रामबागेत, नारायण बागेत, इमली बाजारात राहत होते. वाचनालय पायी अंतरावर असावे, ही त्यांची साधी गरज होती. ती वस्ती पांगली, तर वास्तू राहूनही ग्रंथालयाचे काय होईल, हे मी आपणांस सांगायला नको.

या विषयाची चर्चा बहुधा वादविवादाच्या थाटात होते. एका बाजूला वारसाप्रेमी मंडळी असतात. कोरीव खांब, तुळया, दिंडीदरवाजे आणि चौक नाहीसे होत आहेत, याचे त्यांना दुःख असते. दुसऱ्या बाजूला व्यवहारी मंडळी विचारतात, की माणसांना राहायला जागा नाही, तिथे ही जुनी लाकडे किती दिवस जपायची? एकाने वास्तूचा पक्ष घ्यायचा, दुसऱ्याने वस्तीचा, आणि निवाडा मात्र बिल्डरने करायचा, असा हा खटला वर्षानुवर्षे चालू आहे. माझे नम्र म्हणणे असे, की हा खटलाच मुळात चुकीचा मांडला गेला आहे. जुन्या शहरातील राहते घर दुरुस्त करून राहते ठेवणे, ही अल्प उत्पन्नाच्या माणसासाठी सर्वांत स्वस्त घरबांधणी होय. आणि घर राहते ठेवणे हेच त्याचे सर्वांत टिकाऊ जतन होय. या दोन्ही गोष्टी जिथे फसल्या, तिथे दोष वास्तूच्या वयाचा नव्हता. तो भाड्याच्या, मालकीच्या आणि जमिनीच्या हिशेबाचा होता.

हा विचार मी बाहेरून आणलेला नाही. तो याच शहरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडला गेला. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ साली हिंदुस्थानात आला आणि नगररचनेचा अभ्यासक म्हणून गावोगाव हिंडला. महाराज तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या काळात इंदूर दरबाराने त्याला पाचारण केले, आणि १९१८ साली त्याचा दोन खंडांचा अहवाल येथेच प्रसिद्ध झाला. त्या काळी शहर सुधारायचे म्हणजे काय, याची एक ठरलेली रीत होती. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढावेत, म्हणजे हवा खेळेल आणि रोग हटेल, अशी त्यामागची समजूत होती. रस्ते झाले; पण पाडलेल्या खोल्यांतील माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीने राहू लागली. सुरुवातीच्या काळात ट्रस्टने जितकी बिऱ्हाडे हलवली, तितक्यांना पुन्हा घरे दिली नाहीत. एका जागची दाटी फक्त दुसऱ्या जागी गेली.

गेडिसने या रीतीला स्पष्ट विरोध केला. त्याच्या पद्धतीला त्याने दिलेल्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा, तर 'राखून केलेली शस्त्रक्रिया' असा होईल. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढण्याऐवजी तो गल्लीगल्लीतून पायी फिरे आणि कोणते घर धड, कोणते दुरुस्त होण्याजोगे, कोणते खरोखरच मोडीत निघालेले, याची नोंद करी. पाडायचे ते केवळ हे शेवटचे. त्याची रिकामी जागा म्हणजे गल्लीचा छोटा चौक. तिथे झाड लावावे, शेजारची विहीर किंवा देऊळ मोकळे करावे. अशाने हवा आणि उजेड मिळतोच, शिवाय बहुसंख्य कुटुंबे आपापल्या जागी राहतात आणि खर्चही फार कमी येतो. घर पाडणे ही सुधारणेची सुरुवात नसून शेवटचा उपाय आहे, हे त्याने कागदावर आणि नकाशावर दाखवून दिले.

गेडिसच्या इंदुरातील मुक्कामातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १९१७ ची दिवाळी प्लेगच्या सावटाखाली येत होती. गेडिसने महाराजांची परवानगी घेऊन एक दिवस शहराचा कारभार आपल्या हाती घेतला आणि दिवाळीची एक आगळी मिरवणूक योजली. प्लेगचा प्रचंड उंदीर तीत होता, मलेरियाचे डासही होते. आणि सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या वेषात मानाने चालत होते. पण यातील खरी युक्ती मिरवणुकीच्या मार्गाची होती. ज्या मोहल्ल्यांनी आपली घरे उत्तम दुरुस्त केली, रंगवली आणि झाडून काढली, त्यांच्यावरून मिरवणूक जाईल, असे आधी जाहीर झाले होते. परिणामी घराघरांत डागडुजीची चढाओढ लागली. यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी: माणसाला आपले घर चांगले ठेवण्याची हौस असतेच, कारभाराने तिला फक्त वाट करून द्यायची असते.

गेडिस जुन्याचा भाबडा भक्त होता, असे मात्र कोणी समजू नये. याच अहवालात त्याने गिरणी कामगारांसाठी नव्या, मोकळ्या वसाहतीची आखणीही केली आहे. वाढत्या शहराला नवी घरे लागणारच. ती नव्या जमिनीवर, नीट आखून बांधावीत, आणि जुने शहर दुरुस्तीने सावरावे, असे हे दुहेरी धोरण होते. पुढील शतकात आपण यातला एकही हात धडपणे चालवला नाही.

काय झाले, ते पाहू. राजवाडा आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याला आग लागली, आणि पुढे त्याची फेरउभारणी झाली. ते योग्यच झाले. पण राजवाड्यासाठी हळहळणारे शहर त्याच्या पाठीमागच्या घरांसाठी हळहळले नाही. २०१६ साली इंदूरची स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत निवड झाली. त्यानंतर राजवाड्याच्या परिसरातील रस्ते रुंद करताना अनेक जुन्या घरांचे दर्शनी भाग पाडले गेले. घराचा पुढचा खण गेला, की तुळईचा एक टेकू जातो, ओसरी जाते आणि दुकानाचे भाडेही जाते. उरलेले घर मग फार दिवस उभे राहत नाही. स्मारक राहते आणि स्मारकाला अर्थ देणारा मोहल्ला विरतो.

वाडा पडतो कसा, हेही थोडे पाहू. कारण 'जुने झाले, पडणारच' हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. आपल्याकडच्या वाड्याचा भार बहुतांशी लाकडी सांगाड्यावर असतो. खांब, तुळया आणि कडीपाट हा त्याचा कणा. भिंत विटामातीची, गिलावा चुन्याचा. नीट कोरडे ठेवलेले सागवान दोनशे वर्षेही टिकते. त्याचा शत्रू वय नव्हे, पाणी. सरकलेल्या कौलातून पाणी तुळईच्या टोकाशी मुरते. जोत्यापाशी ओल धरली, की खांबाचा पाय कुजतो आणि वाळवी लागते. मूळ घरात नसलेली न्हाणी आणि संडास वरच्या मजल्यांवर मागाहून बसवले गेले, त्यांच्या गळत्या नळांनी जितके वाडे मारले, तितके काळाने मारले नसतील. त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा करतात, आणि तो भिंतीतली ओल आतच कोंडतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही. खांबाचा कुजलेला पाय कापून तिथे नवे लाकूड सांधणे, कौले परतणे, नळ भिंतीबाहेर एका जागी आणणे आणि चुन्याचा गिलावा करणे, ही चार कामे वेळेवर झाली तर घराचे आयुष्य वाढते. त्यांत अवघड विद्या नाही. आहे तो खर्च, आणि तो कोणी करायचा हा प्रश्न.

येथे आपण भाड्याच्या हिशेबाशी येतो, आणि त्यासाठी मुंबईकडे पाहावे लागते. कारण या प्रश्नाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कडू उदाहरण तेच आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणे हा त्यामागचा हेतू न्याय्य होता, आणि लक्षावधी कष्टकऱ्यांना त्या कायद्याने शहरात पाय रोवू दिला, हे विसरता येणार नाही. पण भाडे गोठले आणि चुना, लाकूड, मजुरी मात्र वाढत गेली. मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने, घर आपले नाही म्हणून, केली नाही. इमारती पडू लागल्यावर १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि इमारतींवर उपकर बसवला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. १९९९ च्या नव्या भाडे कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. पण मूळ भाडे काही रुपयांचे असेल, तर चार टक्क्यांत एक कौलही येत नाही. आपल्या मध्यप्रदेशातही १९६१ चा भाडे नियंत्रण कायदा प्रमाणित भाड्याच्या याच कल्पनेवर उभा राहिला. या साऱ्यात दोष एकट्या मालकाचा नाही, एकट्या भाडेकरूचाही नाही. दुरुस्तीचा खर्च ज्या हिशेबात कोणाच्याच नावावर मांडलेला नाही, त्या हिशेबाचा दोष आहे.

याच मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली करून देशात पायंडा पाडला. इमारतींच्या श्रेणी ठरल्या, समिती आली, आणि अनेक देखण्या वास्तू त्यामुळे वाचल्या. तथापि नियमावली 'पाडू नका' एवढेच सांगू शकते. 'दुरुस्त करा, हे घ्या पैसे' असे सांगत नाही. मग सामान्य भाडेकरूला यादीत नाव येणे ही शिक्षा वाटू लागते. शेजारची चाळ पुनर्विकासात जाते आणि तिथल्या माणसाला स्वतःचा संडास मिळतो. याच्या वाट्याला फक्त गौरव येतो. बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाने ५०० चौरस फुटांच्या घराची इच्छा धरली, तर तिला वारशाचा द्रोह म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. चाळीच्या जीवनावर रसाळ लेखन करणारे बहुतेक जण चाळ सोडून गेल्यावरच ते करतात. ज्याला रात्री जिना उतरून सामाईक संडासाला जावे लागते, त्याला आधी विचारले पाहिजे.

आता 'जागाच नाही, म्हणून जुने पाडावे लागते' या युक्तिवादाकडे वळू. जागा खरोखरच नव्हती काय? मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत बंद गिरण्यांच्या जमिनीसाठी एक सूत्र होते: एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक तृतीयांश मालकासाठी. २००१ साली या नियमात बदल झाला आणि हे वाटप संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मूळ मोकळ्या भागापुरते उरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. गिरणगावाच्या मधोमध स्वस्त घरांसाठी मिळू शकणारी फार मोठी जमीन अशी एका दुरुस्तीसरशी हातची गेली. ती कोणत्याही वारसा इमारतीने अडवली नव्हती.

हा प्रश्न इंदुरातही आपल्या दाराशी आहे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्याचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, आणि जमीन राज्याच्या गृहनिर्माण मंडळाकडे गेली. गेडिसने कामगारांसाठी वसाहत आखली, त्या विचाराला आता पुन्हा जमीन मिळाली आहे. अशा जमिनीवर किती घरे कोणत्या उत्पन्नाच्या माणसाला परवडतील, हा प्रश्न शहरातील प्रत्येक जाणत्या संस्थेने विचारला पाहिजे. नव्या घरांचा भार नव्या जमिनीने उचलला, तर जुन्या मोहल्ल्याच्या गळ्याशी कोयता राहणार नाही.

राहती दुरुस्ती प्रत्यक्षात होते काय, असे आपण विचाराल. इटलीतील बोलोन्या शहराने ते करून दाखवले आहे. तिथे १९६९ साली जुन्या शहराच्या जतनाची योजना झाली आणि १९७३ साली सार्वजनिक गृहनिर्माणाचा निधी शहराबाहेरील नव्या इमारतींऐवजी जुन्या गावठाणातील घरे दुरुस्त करण्याकडे वळवण्यात आला. पिएर लुइजी चेर्व्हेलाती हे वास्तुविशारद त्यात अग्रणी होते. त्यांची भूमिका अशी होती, की दगडविटांइतकीच तिथली माणसेही त्या शहराचा वारसा आहेत. प्रथम घरे संपादित करण्याचा विचार होता. मालकांनी विरोध केल्यावर नगरपालिकेने करारांचा मार्ग धरला. दुरुस्तीला सरकारी साहाय्य मिळेल, पण भाडेकरू तोच राहील आणि भाडे मर्यादेत राहील, अशी अट. काम चालू असताना कुटुंबांना जवळच तात्पुरती घरे देण्यात आली. आपल्याकडच्या संक्रमण शिबिरांत काही कुटुंबांची दशके गेली, हे आठवले की त्या 'जवळच' या शब्दाची किंमत कळते. बोलोन्यातही योजनेचा वेग पुढे मंदावला आणि सारे शहर काही त्यात आले नाही. पण मार्ग आहे, एवढे तरी सिद्ध झाले.

आपल्या शेजारी अहमदाबाद आहे. तिथल्या महापालिकेने १९९६ साली वारसा कक्ष स्थापन केला, १९९७ पासून पोळांमधून वारसा फेरी सुरू झाली, आणि २०१७ साली युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. हा मान मिळवणारे ते भारतातील पहिले शहर. तिथे यादीतील घरमालकाला, जे मजले त्याने वाढवायचे नाहीत त्यांचा बांधकामहक्क शहरात अन्यत्र विकता येतो, आणि त्या पैशातून घराची दुरुस्ती होऊ शकते. कल्पना उत्तम आहे; मात्र तिचा लाभ मालकी स्वच्छ असलेल्या घरालाच होतो. ज्या घरावर सतरा वारसांची नावे आहेत, किंवा जिथे राहणारा केवळ भाडेकरू आहे, तिथे ती दारातच अडते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतही स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राकडून दीड लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले गेले. पण जागेच्या मालकीचा कागद पाहिजे. वाड्याच्या मागल्या खोलीत राहणाऱ्या विधवेकडे तो कुठून असणार? जुन्या घरातील गरीब माणूस अशा रीतीने प्रत्येक योजनेच्या दोन ओळींमध्ये हरवतो.

तेव्हा करायचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी. पहिली, शहराने जुन्या मोहल्ल्यांतील घरांची गेडिसच्या पद्धतीने घरोघर पाहणी करावी, आणि वारशाच्या यादीत वास्तूबरोबर तिथे राहणाऱ्यांचीही नोंद असावी. दुसरी, घरबांधणीच्या साहाय्यात दुरुस्तीला मानाचे स्थान द्यावे. मालक, भाडेकरू आणि नगरपालिका यांच्या लेखी कराराने ते मिळावे, आणि भाडे दुरुस्तीच्या खर्चाशी हळूहळू जोडावे. तिसरी, रस्ता रुंद करण्यापूर्वी त्या रस्त्यावरची किती बिऱ्हाडे उठतील, याचा हिशेब छापून प्रसिद्ध व्हावा. चौथी, जे घर खरोखर वाचण्यासारखे नाही ते पाडावे, पण तिथल्या माणसाला त्याच मोहल्ल्यात जागा मिळावी. सर्व जुने राखा, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारा कोणालाच वाचवत नाही.

या चारही गोष्टींच्या मुळाशी मालकीचा कागद आहे, आणि इथे हे ग्रंथालय मदत करू शकते. होळकरशाहीतील कित्येक घरांची जुनी कागदपत्रे मोडीत आहेत. ती ट्रंकेत पडून आहेत; घरातल्या कोणालाच ती वाचता येत नाहीत, म्हणून वारसांचा तंटा सुटत नाही, म्हणून कर्ज मिळत नाही, म्हणून कौले परतली जात नाहीत, आणि एका पावसाळ्यात तुळई बसते. मोडी वाचणारे हात आज कोठे उरले असतील, तर ते आपल्यासारख्या संस्थांच्या छायेतच. महिन्यातून दोन दिवस येथे मोडी कागद वाचून देण्याची सोय करावी, वाचलेल्या कागदाची देवनागरी प्रत घरमालकाला द्यावी आणि त्याच्या संमतीने एक प्रत येथे जपावी, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. शंभर वर्षे आपण पुस्तके राखली. ज्या घरांतून त्या पुस्तकांचे वाचक आले, त्या घरांचे कागद राखणे हेही त्याच व्रताचे पुढचे पाऊल ठरेल.